जांभळे अंगठे

१

फेब्रुवारीतला उजेड आमच्या भागात घाईने येत नाही. आधी चामरलेण्याच्या डोंगराची कड काळोखातून सुटी होते, जणू कुणी ती करड्या पेन्सिलीने हलकेच ओढली आहे. मग पाटाचे पाणी दिसू लागते. रात्रभर ते केवळ आवाज असते; आता त्याला अंग येते, त्यावर वाहत चाललेले एखादे पान दिसते. त्यानंतर द्राक्षबागांच्या तारा. दवाने भिजलेली एक तार उजळते, तिच्यामागची दुसरी, आणि पाहता पाहता साऱ्या बागेवर चांदीचे बारीक जाळे पसरते. उजेड पुढे सरकतो आणि पाटापलीकडच्या वस्तीवर येतो: निळे प्लास्टिक, गंजके पत्रे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड, आणि प्रत्येक छपरातून झिरपणारा चुलीचा धूर. धुरात शिरल्यावर उजेडाला रंग चढतो, पिकल्या करवंदाच्या आतल्या गरासारखा. आमच्या बंगल्यांच्या सोसायटीपर्यंत तो सर्वांत शेवटी पोचतो, आणि तोवर त्यात पाहण्यासारखे काही उरलेले नसते.

अण्णा, माझे वडील, व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून हे रोज पाहत. वनखात्यातली त्यांची बरीचशी नोकरी सुरगाण्याच्या डोंगरांत झाली होती. वस्तीतली माणसेही त्याच डोंगरांतून द्राक्षांच्या कामाला आलेली, आणि मग इथेच राहिलेली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. "उठली मंडळी," धुराकडे पाहून अण्णा म्हणत. त्या सकाळीही म्हणाले, आणि मी सायकल काढून कचेरीत गेलो.

"निरगुडे, बसा," बोरस्ते वकीलबाई म्हणाल्या. "उभं राहून ऐकण्यासारखं नाही."

मी त्यांचा ज्युनियर. सन नव्व्याण्णव होते आणि माझ्या अंगावरचा काळा कोट अजून मला आपला वाटत नव्हता. सीबीएस स्टँडजवळच्या त्या अरुंद कचेरीत बाईंनी माझ्यापुढे अर्जांचा एक गठ्ठा सरकवला.

प्रकरण मला पाठ होते. वस्ती ज्या जमिनीवर होती, ती शहराच्या विकास आराखड्यात दुर्बल घटकांच्या घरांसाठी आरक्षित होती. ते आरक्षण वगळण्याचा ठराव पुढे आला होता आणि त्यावर नागरिकांचे म्हणणे मागवले होते. वस्तीने विरोध करायचा, हे आम्ही तिथल्या चिमणाबाई भोयेच्या ओट्यावर बसून ठरवले होते. आरक्षण टिकले, तर कधीतरी तिथे त्या माणसांची पक्की घरे उठणार होती. वगळले गेले, तर वस्तीच उठणार होती.

"चाळीसेक अर्ज आहेत," बाई म्हणाल्या. "सगळे वस्तीचे. सगळ्यांवर अंगठे. आणि सगळ्यांत एकच वाक्य: आम्हांला हे आरक्षण नको."

"खोटे अंगठे असतील."

"मीही तसंच समजून काल संध्याकाळी तिथे गेले होते. चिमणाबाईनं मान्य केलं. अंगठे त्यांचेच आहेत, आणि शुद्धीवर असताना दिलेले आहेत."

२

वस्तीत मला सगळे वकीलदादा म्हणत. लाजऱ्या माणसाला असे नाव मिळाले की बरे वाटते. त्याआड उभे राहता येते. पण त्या दिवशी मुलेसुद्धा माझ्याकडे पाहून गप्प झाली.

चिमणाबाई चुलीपुढे नागलीची भाकर थापत होती. वस्तीतल्या थोरल्या बाईला जो अधिकार आपोआप येतो, तो तिच्या बसण्यातही होता. परातीत फिरणाऱ्या तिच्या हाताकडे मी पाहत राहिलो. उजव्या अंगठ्यावर जांभळा डाग होता. पिठाने तो फिका झाला होता, गेला नव्हता.

"घरं मिळणार होती, मावशी," मी म्हणालो. "तुम्हीच ती नको म्हणालात."

"घरं?" तिने भाकर तव्यावर टाकली. "घराचं कोन बोललं? जागा जानार व्हती. ती वाचवली आमी."

"कुणी सांगितलं असं?"

"हाय एक भल्याचा मानूस."

"नाव?"

"नाव नाय घ्यायचं. त्याला तरास व्हईल. शबूद दिलाय." मग ती एकदम थांबली, आणि धुरामुळे बारीक झालेल्या डोळ्यांनी तिने मला निरखले. "तू इचारतोस, वकीलदादा? तू?"

"मी नाही विचारणार तर कोण?"

ती हसली. शेजारच्या झोपडीतल्या बायकाही हसल्या. त्या हसण्यात मला फक्त अविश्वास ऐकू आला. ज्यांच्यासाठी लढतो, तेच आपल्याला चोर समजतात, असे वाटून मी खाली पाहिले.

"आता तरी अंगठा मागे घ्या," मी म्हणालो. "सुनावणीत सांगा की चूक झाली."

"आनि जागा घालवू? जा बाबा. वकीलीन बाई चांगली हाय, तूबी चांगला हायेस. पन तुमी कागदाची मानसं. तो आमच्यातला हाय."

परतताना मी प्रत्येक हाताकडे पाहिले. पाणी भरणाऱ्या बायका, विळ्याला धार लावणारे म्हातारे. जवळपास साऱ्यांचे अंगठे जांभळे होते. आणि पाटाच्या पुलावर आल्यावर माझ्या ध्यानात आले की त्यांत एक विलक्षण शिस्त होती. बायकांचे उजवे, पुरुषांचे डावे.

३

या जागेवर डोळा कुणाचा, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होते. पाटालगत रंगनाथशेठची चार मजली इमारत उठत होती, आणि तिच्या जाहिरातीतल्या चित्रात वस्तीच्या जागी बगीचा दाखवला होता. शेठ साइटवरच खुर्ची टाकून बसले होते.

"या वकीलसाहेब! चहा घ्या. विष नाही टाकलेलं, सिमेंट असलं तर असेल."

मी सरळच विचारले.

"अंगठे मी घेतले?" ते मोठ्याने हसले. "अहो, रिझर्वेशन उठलं तर मी पेढे वाटीन, खोटं कशाला बोलू? पण त्या माणसांकडे मी गेलो, तर ती कोयते काढतील. माझ्याकडून ती पाणीसुद्धा घेत नाहीत."

"सहादू तुमच्याकडे वॉचमन आहे. तो वस्तीतलाच."

"आहे ना. झोपतो छान."

तेवढ्यात मुकादमाने हजेरी सुरू केली. डोक्यावर घमेले ठेवूनच मजूर बाया रांगेने पुढे आल्या, आणि ओळीने डावा अंगठा टेकवून गेल्या. त्यांच्या मागून पुरुष आले. त्यांचाही डावाच. मुकादमाने मान वर करूनसुद्धा पाहिले नाही. त्याला अंगठा हवा होता. कुठल्या हाताचा, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

तिथून मी ठराव मांडणाऱ्या नगरसेवकांकडे, देवरामआप्पांकडे गेलो. मळ्यातल्या घरासमोर ते बाजेवर पडून पेपर वाचत होते. अर्धे शहर त्यांना भ्रष्ट म्हणत असे आणि उरलेले अर्धे आपल्या कामासाठी त्यांच्या दारात उभे असे. दोन्ही गोष्टी ते सारख्याच शांतपणे सोसत.

"मला कशाला धरता?" ते म्हणाले. "हा ठराव लोकांच्या मागणीवरून आलाय."

"कोणत्या लोकांच्या?"

"तुमच्याच सोसायटीच्या की! प्राध्यापक, इंजिनियर, बँकवाले, सगळे आले होते मोटारी घेऊन. म्हणे गरिबांना घरं द्या, अवश्य द्या, फक्त जरा लांब द्या. सिन्नरला द्या म्हणाला एक जण." आप्पा बाजेवर उठून बसले. "आम्ही राजकारणी बदनाम, वकील. पण आमच्याकडे कुणी स्वतःसाठी काही मागायला येतच नाही. सगळे समाजासाठीच येतात."

माझे कान तापले. "सगळ्यांनी सही केली?"

"एक सोडून. तुमच्या वडिलांनी नाही केली. मला म्हणाले, त्या माणसांविरुद्ध मी कागदावर सही करणार नाही. मानलं बुवा मी त्यांना."

त्या वाक्याने मला जो अभिमान वाटला, तो मी पाटाच्या कडेने घरापर्यंत सोबत नेला. उतरत्या उन्हात माझी सावली पाण्यावर लांब पडली होती, आणि मला वाटत होते, ही सावली एका सरळ माणसाच्या मुलाची आहे.

४

"सहादू," बोरस्तेबाई म्हणाल्या. "डोंगरातला, वस्तीतला, आणि शेठचा पगार खाणारा. आणखी काय हवं?"

त्यांनी त्याला कचेरीत बोलावून घेतले. ही बातमी वस्तीत आधीच पोचली होती; सकाळी नळावर कुणीतरी त्याची घागर लाथाडली, असे तो दारातून आत येतानाच म्हणाला. तिशीतला, रुंद हाडाचा माणूस. डोळे मात्र सतत काहीतरी विचारणारे.

"खाल्ल्या घरचे वासे मोजायला मी येडा हाय का, बाई?" तो म्हणाला. "माझी पोरं हायेत तिथं. हे बघा." त्याने डावा हात पुढे केला. अंगठा जांभळा होता. "मीबी दिलाय. सगळ्यांनी दिला म्हनून न्हाय. माझं मलाच पटलं म्हनून दिला."

"काय पटलं?"

"ही जागा राखीव व्हनार हाय, हे."

बाई काही बोलायच्या आधीच मी बोललो. माझा आवाज मलाच परका वाटला. "कोणता शब्द म्हणालास?"

"राखीव. त्या मानसानं तेच सांगतलं. सगळ्यांना बसवून सांगतलं, का ही जागा राखीव व्हनार, लांबी-रुंदी कागदावर पडलीय, अंगठा दिला तर थांबंल." सहादूने माझ्याकडे पाहिले. "दादा, तुमी शहरातले. आमच्याकडं राखीव म्हंजी काय म्हाईत हाय? माझ्या आज्याचं रान व्हतं. एक दिस दगड रोवले, म्हनले हे राखीव. मंग त्या रानातून काटकी आनली तर दंड. ढोर गेलं तर कोंडवाडा. बाप माझा सांगायचा, वाघ परवडला, राखीव नाय परवडत. वाघ जातो तरी निघून."

सहादू उठून गेला.

"आपण त्यांना महिनोन्‌महिने आरक्षण, आरक्षण म्हणून सांगितलं," बाई हळू म्हणाल्या. "त्यांनी माना डोलावल्या. तो शब्द त्यांना कळलाच नव्हता. आणि कुणीतरी तो त्यांच्यासाठी भाषांतरित केला. अचूक केला, निरगुडे. आरक्षित म्हणजे राखीवच. शब्दकोशात पाहिलं तर खोटं ठरणार नाही."

"म्हणजे फसवणूक नाही?"

"म्हणजे फार हुशार फसवणूक. ऐका. शेठ रिझर्वेशन म्हणतो, आप्पा रिझर्वेशन म्हणतात, महापालिका आरक्षण म्हणते. राखीव हा शब्द त्या माणसांच्या पोटात कसा उतरतो, हे ज्यानं डोंगरात राहून पाहिलंय, त्यालाच तो सुचेल. ही एक गोष्ट. दुसरी, ते अंगठे. बाईचा उजवा आणि पुरुषाचा डावा, ही जुनी सरकारी शिस्त. शेठचा मुकादम ती पाळत नाही, हे तुम्हीच पाहून आलात. ज्यानं आयुष्यभर सरकारी हजेरी घेतली, तो खोटं काम करतानाही ती मोडू शकला नाही. हाताची सवय. आणि तिसरी, चिमणाबाई त्याला आपल्यातला म्हणते." त्या थांबल्या. "डोंगरात नोकरी केलेला सरकारी माणूस, जो या वस्तीला प्रिय आहे. असे कितीसे असतील?"

"शोधतो," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत प्रश्न नव्हता. "वस्तीला आपण कितीही समजावलं, तरी ती त्या माणसाचाच शब्द मानेल. परवा सुनावणी आहे. अर्जांची मुदत संपली, नवा कागद चालणार नाही. दिशाभूल झाली, हे तिथे कुणीतरी उभं राहून सांगितलं, तरच हे अर्ज बाद होतील. नाहीतर वस्तीनं स्वतःच्या हातानं स्वतःला उठवलं, असं धरलं जाईल."

जिना उतरताना मी इतर माणसे आठवू लागलो. पेठच्या आश्रमशाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. कळवणकडे नोकरी केलेला एक तलाठी. त्या दोघांना मी उभ्या आयुष्यात भेटलो नव्हतो, तरी त्यांच्यावर संशय घेणे किती सोपे होते! पण प्रत्येक पायरीवर चिमणाबाईचे हसणे ऐकू येत होते. तू इचारतोस? तू? तिने माझ्यावर अविश्वास दाखवलाच नव्हता. मला ठाऊक नाही, यावर तिचा विश्वास बसला नव्हता.

५

अण्णा व्हरांड्यात होते. पाटापलीकडे चुली पेटू लागल्या होत्या.

"अण्णा, वस्तीत अंगठे तुम्ही घेतलेत?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही."

"नाही घेणार," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटले, जे पाहणे मला सर्वांत कठीण गेले. "शब्दाची पक्की माणसं ती. मी त्यांना एकही खोटा शब्द सांगितला नाही हो. राखीव म्हणजे राखीव."

"त्यांना तो कसा ऐकू येतो, हे तुम्हांला माहीत होतं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"रंगनाथशेठनं दबाव आणला का?"

"तो? माझ्यासमोर उभा राहायची त्याची छाती नाही."

"मग सोसायटीनं? सही केली नाही म्हणून काही बोलले असतील."

"अरे, मला कुणी काही बोललं नाही." ते चिडले नव्हते, कंटाळले होते, जणू मी लहान आहे आणि तेच ते विचारतो आहे. "त्यांना डोंगरात पाहायला हवं होतंस. पहाटे रानात शिरताना एक पान तुटत नसे त्यांच्या पायाखाली. रात्री पावरी वाजायची. मी त्यांच्या चुलीवर जेवलोय, त्यांच्या किती मोळ्या मी न पाहिल्यासारख्या सोडल्यात. अशा माणसांना चार मजली चाळीत कोंबायचं? खाली दारूचं दुकान, वर डिश अँटेना. बिघडतील ती. गावी परत गेली तर सुखी राहतील."

"गावी काय आहे, अण्णा?"

"गाव आहे," ते म्हणाले.

"परवा सुनावणीत येऊन सांगाल? तुम्ही सांगितलंत तरच—"

"माझं काही चुकलेलं नाही. मी येणार नाही."

मी आत आलो, दिवा न लावता पलंगावर बसलो आणि त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद रचू लागलो. भिंतीवर अण्णांचा फोटो होता, जीपच्या बॉनेटवर हात ठेवून, मागे साग. रचता रचता युक्तिवाद सुंदर होत गेला. हे जुन्या जगाचे प्रेम होते. ही वृद्ध माणसाची चूक होती. काळ पुढे गेला, आणि ते मागे एका डोंगरावर उभे राहिले. मला ते पटले. ते पटावे, म्हणूनच मी ते इतके नीट रचले होते.

६

सुनावणीची खोली लहान होती. एका बाजूला सोसायटीची मंडळी इस्त्रीच्या शर्टात बसली होती. त्यांतल्या एकाने मला ओळखून मान हलवली. मागच्या भिंतीशी वस्तीतली माणसे उभी होती. सहादूशेजारी चिमणाबाई, डोक्यावरून नीट घेतलेल्या पदरात.

बोरस्तेबाईंनी दिशाभूल झाल्याचे मांडले. सुनावणी अधिकारी शांत, थकलेले गृहस्थ होते. "कुणी केली, ते सांगाल?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. ती त्यांची दया होती. मी उभा राहिलो.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो. "वनखात्यातून निवृत्त झालेत. समोरच्याच सोसायटीत राहतात. ही जागा राखीव होणार, असं त्यांनी या लोकांना सांगितलं. डोंगरात राखीव म्हणजे ज्यात पाऊल टाकायचं नाही, ती जमीन. इथे घरं होणार, हे त्यांनी सांगितलं नाही."

सोसायटीच्या रांगेत खुर्च्या करकरल्या. पण माझ्या पाठीमागून जो आवाज आला, तो वेगळा होता.

"साहेबाला बोल लावू नका!" चिमणाबाई पुढे आली होती. "देवमानूस हाय त्यो. डोंगरात आमची पोरं त्याच्यामुळं जगली. त्यानं सांगतलं ते आमच्या भल्यासाठीच."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले. "पाहा, वकीलसाहेब. एका वडीलधाऱ्या माणसानं आपल्या समजुतीप्रमाणे सल्ला दिला, यांनी विश्वासानं तो मानला. आजही मानतात. गैरसमज म्हणता येईल. पण यांचं भलं व्हावं असाच त्यांचा हेतू असेल, तर फसवणूक कशी म्हणू? मग हे अर्ज मला ग्राह्य धरावे लागतील." ते थोडे पुढे झुकले. "तुम्ही त्यांचे चिरंजीव. तुम्हीच सांगा. हेतू काय होता?"

रचलेला युक्तिवाद माझ्या जिभेवर तयार होता. जुने जग, साग, पावरी, वृद्ध माणसाची चूक. तो सांगितला असता, तर अण्णांची लाज राहिली असती, आणि चिमणाबाईचा देवमाणूसही तिच्याजवळ राहिला असता. मी मागे वळून पाहिले. ती माझ्याकडे आश्वस्त नजरेने पाहत होती, साहेबाचा मुलगा साहेबाचीच बाजू घेणार या खात्रीने.

"ही माणसं डोंगरात होती, तोवर माझ्या वडिलांना ती आवडत होती," मी म्हणालो. "शेजारी म्हणून त्यांना ती नको होती."